देशाच्या पाटीमागची खुर्ची

मध्यंतरी मेलबर्नहून एका जुन्या स्नेह्याचे पत्र आले. पत्र संगणकावरूनच आलेले, पण मजकूर जुन्या वळणाचा होता. कन्या बावीस वर्षांची, ऑस्ट्रेलियाची नागरिक, नुकतीच पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेला जाणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शिष्टमंडळात युवा प्रतिनिधी म्हणून जाण्यासाठी अर्ज करावा, असे तिच्या मनाने घेतले होते. आईचे म्हणणे असे, की काम स्वयंसेवेचे, वर्ष खर्ची पडणार, नोकरी लांबणार आणि शेवटी हाती येणार ते एक प्रशस्तिपत्र. वडील द्विधा मनःस्थितीत. "तू सारे आयुष्य शासनात घालवलेस, तेव्हा तूच सांग," असे त्यांनी लिहिले होते. तळाशी मुलीच्या स्वतःच्या ओळी होत्या : "काका, पैशाचं मी बघेन. मला एवढंच विचारायचंय, की निवड झालीच तर मी नक्की कुणाची प्रतिनिधी असेन?"

प्रश्न साधा वाटतो, पण सोपा नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर हे पद कोठून आले, त्यासाठी अर्ज मागवण्याची पद्धत कशी पडली आणि पगाराविना प्रतिनिधित्व करण्याचा अर्थ काय, हे तिन्ही पाहावे लागते. शेवटच्या दोन बाबतीत आपल्या देशाच्या प्रशासनाचा इतिहास बरेच काही सांगतो.

प्रथम पदाविषयी. युवा प्रतिनिधी हा संयुक्त राष्ट्रसंघाचा कर्मचारी नव्हे. तो आपल्या देशाच्या शिष्टमंडळाचा सदस्य असतो. त्याचे नाव त्याचे सरकार कळवते आणि सभागृहात तो आपल्या देशाच्या नावाच्या पाटीमागे बसतो. आमसभेचे काम सहा मुख्य समित्यांत चालते. त्यांपैकी सामाजिक, मानवतावादी व सांस्कृतिक विषयांची ती तिसरी समिती, आणि बहुतेक युवा प्रतिनिधींचे काम तेथेच असते. सामाजिक विकासावरील चर्चेत काही मिनिटांचे निवेदन, त्यानंतर ठरावांच्या मसुद्यांवरील वाटाघाटींत वरिष्ठांना साहाय्य, असे त्याचे स्वरूप. मायदेशी मात्र काम पुष्कळ मोठे असते. ऑस्ट्रेलियातून १९९९ पासून असा प्रतिनिधी जातो आणि जाण्यापूर्वी देशभर फिरून तरुणांचे म्हणणे ऐकणे हा त्याच्या कामाचा गाभा मानला जातो.

या खुर्चीचा इतिहास साठ वर्षांच्या आतबाहेरचा आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी आमसभेने तरुणांमध्ये शांतता, परस्परांविषयी आदर आणि सामंजस्य यांची जोपासना करण्याविषयी एक जाहीरनामा संमत केला. त्याचा सूर वडीलधारा होता. तरुणांवर संस्कार करावेत, असे तो सांगत होता. त्यांचे ऐकावे असा आग्रह त्यात फारसा नव्हता. पुढच्या पाच वर्षांत जग बदलले. १९६८ साली पॅरिसपासून मेक्सिकोपर्यंत विद्यार्थी रस्त्यावर आले. १९७० च्या जुलैमध्ये, संघटनेच्या पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या मुख्यालयात जागतिक युवा संमेलन भरले आणि सहाशेहून अधिक तरुण त्या इमारतीत बसून शांतता, विकास, शिक्षण व पर्यावरण या विषयांवर बोलले. सरकारी शिष्टमंडळात तरुणाला कायमची जागा देण्याची प्रथाही त्याच सुमारास नेदरलँड्स आणि नॉर्वे या देशांनी पाडली.

पुढची पावले सावकाश पडली. १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष 'सहभाग, विकास, शांतता' या त्रिसूत्रीसह साजरे झाले आणि १५ ते २४ ही युवकांची वयोमर्यादा सांख्यिकीच्या सोयीसाठी रूढ झाली. १९९५ मध्ये आमसभेने युवकांसाठी जागतिक कृती कार्यक्रम स्वीकारला. निर्णयप्रक्रियेतील सहभाग हा त्याच्या दहा प्राधान्यक्रमांपैकी एक होता. शिष्टमंडळांत तरुणांना घेण्याचा विचार करावा, असे आवाहन आमसभेच्या ठरावांतून वारंवार होत राहिले. जर्मनीने २००५ पासून प्रतिनिधी पाठवण्यास आरंभ केला. डिसेंबर २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेने युवक, शांतता व सुरक्षा यांवरील ठराव क्रमांक २२५० संमत केला, आणि २०२२ साली आमसभेने स्वतंत्र युवा कार्यालय स्थापण्याचा निर्णय घेतला.

प्रशासनातील मनुष्य 'विचार करावा' हे शब्द पाहताच थांबतो. शासकीय परिभाषेत 'करावे' आणि 'करण्याचा विचार करावा' यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. युवा प्रतिनिधी पाठवणे कोणत्याही राष्ट्रावर बंधनकारक नाही. तो पाठवायचा की नाही, कसा निवडायचा, खर्च कोणी सोसायचा, हे सारे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. नेदरलँड्समध्ये तरुणांच्या मतदानाने निवड करण्याची प्रथा पडली. जर्मनी व ऑस्ट्रेलियात युवा संघटना अर्ज मागवून मुलाखती घेतात आणि परराष्ट्र खाते शिष्टमंडळात स्थान देते. श्रीलंका व थायलंड यांनीही प्रतिनिधी पाठवले आहेत; परंतु या पाट्यांमागे अनेक वर्षे युरोपचीच बहुसंख्या राहिली.

आता अर्जाविषयी. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी हिमालयाच्या पायथ्याच्या एका जिल्ह्यात होतो. परदेशी जाणाऱ्या एका युवा पथकासाठी तीन नावे कळवावीत, असे पत्र वरून आले. पत्र गुरुवारी हाती पडले आणि नावे सोमवारी हवी होती. मी जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना बोलावले, त्यांनी पाच नावे सांगितली, मी तीन निवडली. तिघेही चुणचुणीत, इंग्रजी उत्तम बोलणारे. त्यांतील दोघे अधिकाऱ्यांची मुले होती. वरच्या खोऱ्यांतल्या तीन तालुक्यांत असे पत्र आल्याचे कुणाला कळलेही नाही. त्या नस्तीत एकही अर्ज नव्हता, कारण अर्ज मागवलाच नव्हता. नियमभंग कोणताही झाला नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला नाही. पण 'जिल्ह्याचे प्रतिनिधी' असे ज्या तिघांना मी लेखी संबोधले, त्यांनी जिल्ह्याचा निम्मा भाग पाहिलेलाही नव्हता, हे मला पुढे तेथे फिरताना जाणवत राहिले.

नामनिर्देशनाचा हा मार्ग आपल्याकडे जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत आणि शिफारस झालेली मुले हेलीबरीच्या महाविद्यालयात शिकून इकडे येत. १८५३ च्या सनदी कायद्याने ही वशिलेबाजी मोडली, मेकॉले समितीने १८५४ मध्ये परीक्षेची रूपरेषा ठरवली आणि १८५५ साली लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. कोणीही अर्ज करावा, गुणवत्तेवर निवड व्हावी, ही कल्पना त्या काळात क्रांतिकारकच होती. कागदावर दार सर्वांना उघडे झाले.

उंबरठा मात्र सहा हजार मैलांवर होता. समुद्रप्रवास, लंडनचा खर्च, घरच्यांचा विरोध आणि परकी भाषा इतके ओलांडून जाणारा पहिला भारतीय, सत्येंद्रनाथ टागोर, १८६३ मध्ये निवडला गेला. त्यांची बहुतेक नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. त्यानंतरचे यशस्वी भारतीय १८६९ चे. ते चौघे होते : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर.

या चौघांपैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे यादीतून काढण्यात आली. कारण वयाच्या रकान्यात होते. परीक्षेची कमाल वयोमर्यादा तेव्हा एकवीस होती. सुरेंद्रनाथांनी कलकत्त्यास प्रवेश परीक्षेच्या वेळी आपले वय सोळा लिहिले होते. त्या हिशेबाने ते १८६९ मध्ये मर्यादेबाहेर जात. परंतु आपल्याकडे वय सांगण्याची रीत वेगळी. पंधरा पूर्ण झाली की आपण 'सोळावे लागले' म्हणतो आणि लिहितानाही सोळा लिहून मोकळे होतो. लंडनच्या आयोगाला ही रीत ठाऊक नव्हती आणि समजून घेण्याची निकडही वाटली नाही. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा कोठे दोघांना परत घेतले गेले. तोवर सुरेंद्रनाथांचे वडील निवर्तले होते. अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याला आपला नमुना सर्वांसाठी एकसारखा वाटतो. तो भरणारा वेगळ्या जगातून आलेला असू शकतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. आजही परगावी, परदेशी अर्ज भरणाऱ्या आपल्या मुलांना नावाचा क्रम, आडनावाचा रकाना, जन्मदाखल्यावरचे गाव या बाबतींत जी डोकेदुखी होते, तिचे मूळ फार जुने आहे.

पुढे १८७८ पासून वयोमर्यादा एकोणीसवर आणण्यात आली. कायदा कोणालाही मज्जाव करत नव्हता, पण एकोणिसाव्या वर्षापर्यंत लंडनला पोहोचून ती परीक्षा देणे भारतीय मुलांना जवळपास अशक्य झाले. सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये सेवेतून काढून टाकण्यात आले होते. आता त्यांनी देशभर दौरा काढला. १८७७ मध्ये उत्तर हिंदुस्थान आणि दुसऱ्या वर्षी मुंबई, पुणे, मद्रास अशी शहरे घेत ते या एकाच प्रश्नावर सभा भरवीत फिरले. वयोमर्यादेसारख्या रुक्ष नियमावर अखिल भारतीय लोकमत एकवटण्याचा हा पहिलाच मोठा प्रयत्न. १८७९ मध्ये लालमोहन घोष हे त्या मागणीचा अर्ज घेऊन देशाचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला गेले. त्यांना सरकारने पाठवले नव्हते आणि त्यांना वेतनही नव्हते. त्यांच्या प्रवासासाठी येथे पैसा उभारण्यात आला. जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत त्यांचे भाषण गाजले. सरकारने त्यावर दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. 'स्टॅट्युटरी' सनदी सेवा म्हणून एक वेगळी शाखा काढून तीत घरंदाज कुटुंबांतील तरुणांची नेमणूक नामनिर्देशनाने करण्याची सोय झाली. मागणी खुल्या दाराची होती आणि मिळाली पुन्हा शिफारसच. ही शाखा यशस्वी झाली नाही. १८९३ मध्ये दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घ्यावी असा ठराव ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात संमत झाला, तरी अंमल झाला नाही. भारतात, अलाहाबादला, ही परीक्षा झाली ती १९२२ साली. लंडनच्या पहिल्या खुल्या परीक्षेनंतर त्याला सदुसष्ट वर्षे लागली.

हा इतिहास एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण स्वयंसेवी पदाच्या प्रश्नाशी निगडित आहे. वशिला मोडून अर्ज मागवणे ही पहिली सुधारणा. पण ज्याला अर्ज करणे परवडते तोच अर्ज करत असेल, तर ती अर्धवट राहते. ब्रिटनच्या सनदवाद्यांनी १८३८ मध्ये ज्या सहा मागण्या मांडल्या, त्यांत संसद सदस्यांना वेतन मिळावे ही एक होती. वेतन नसेल तर मजूर निवडून आला तरी लंडनला राहील कसा, हा त्यामागचा सरळ हिशेब. ती मागणी मान्य होऊन वार्षिक चारशे पौंड वेतन १९११ मध्ये सुरू झाले. १८९२ ते १८९५ या काळात तेथे बसलेले आपले दादाभाई नौरोजी बिनपगारी सदस्य होते. आपण त्या त्यागाचा गौरव करतो व तो योग्यच आहे. तथापि ज्या व्यवस्थेत त्यागावाचून प्रतिनिधित्व करता येत नाही, ती व्यवस्था त्याग न परवडणाऱ्यांना बाहेर ठेवते, हेही त्याच वेळी ध्यानात घ्यावे लागते. २०१५ च्या उन्हाळ्यात जिनिव्हामध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयात बिनपगारी उमेदवारी करणारा न्यूझीलंडचा एक तरुण तळ्याकाठी तंबूत राहत असल्याचे वृत्त जगभर छापून आले. त्याने ती गोष्ट प्रकाशात यावी म्हणूनच केली होती. परंतु त्या शहराचे घरभाडे ज्याने ऐकले आहे, त्याला त्यात अतिशयोक्ती वाटली नसावी.

म्हणून आईच्या शंकेला स्वार्थी म्हणून झटकून टाकता येत नाही. या मुलीचे वडील वर्षभर तिला सांभाळू शकतात. तिच्याच वयाची, घरात एकटी मिळवती असलेली दुसरी मुलगी अर्जाच्या वाटेलाच जाणार नाही. मग सभागृहात 'आम्ही तरुण' असे म्हणताना त्या दुसऱ्या मुलीचे म्हणणे कोणी सांगायचे?

आता तिचा मूळ प्रश्न, प्रतिनिधी कुणाची? पाटी देशाची असल्यामुळे तिच्या तोंडून निघणारे वाक्य देशाच्या भूमिकेशी विसंगत असू शकत नाही. फेब्रुवारी-मार्च १९९४ मध्ये जिनिव्हाच्या मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरचा प्रश्न आला, तेव्हा नरसिंह राव सरकारने विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व दिले. मायदेशी ते त्या सरकारचे टीकाकार होते; त्या खुर्चीत बसल्यावर ते भारताचे प्रतिनिधी होते. ही शिस्त तरुणांनाही लागू होते. आपल्या परदेशस्थ वाचकांसाठी याचा एक बारकावा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पारपत्र बाळगणारा मेलबर्नचा विद्यार्थी ऑस्ट्रेलियाच्या खुर्चीसाठी पात्र ठरणार नाही, आणि ऑस्ट्रेलियाची नागरिक झालेली ही कन्या घरात मराठी बोलत असली, तरी एखाद्या ठरावावर दोन देशांची मते भिन्न पडल्यास तिची जागा ऑस्ट्रेलियाच्या पाटीमागेच असेल. हे मनाशी आधीच मान्य करून अर्ज भरावा.

पण पाटीमागे बसून काहीच करता येत नाही, असे नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा १९४७-४८ मध्ये तयार होत असताना भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. सुरतेत जन्मलेल्या, मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरुपदी राहिलेल्या. 'सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र आहेत' असा अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना त्यांना मान्य नव्हती. त्यांनी चिकाटीने आग्रह धरला आणि जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात 'सर्व मानव' हा अर्थ पक्का झाला. त्या सरकारच्याच प्रतिनिधी होत्या. ज्यांना त्या सभागृहात कधीच प्रवेश मिळणार नव्हता, त्यांचा विचार त्यांनी एका शब्दात आणून ठेवला.

भारतापुरते बोलायचे तर, आमसभेच्या शिष्टमंडळात दरवर्षी खुल्या अर्जांतून युवा प्रतिनिधी निवडून पाठवण्याची प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आणि नेहरू युवा केंद्रे १९७२ पासून लाखो तरुणांपर्यंत पोहोचली. १९७३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रकुल युवा कार्यक्रमाचे आशियाई केंद्र चंदीगडला अनेक वर्षे होते, पुढे ते बंद झाले. २०२३ मध्ये जी-२० च्या अध्यक्षपदाच्या वर्षात युवा शिखर परिषद वाराणसीला भरली. ज्या देशात तरुणांची संख्या जगात सर्वांत मोठी, त्याने तिसऱ्या समितीत एक खुर्ची खुल्या निवडीने भरावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र ती भरताना अर्ज सर्व राज्यांच्या भाषांत निघावा, तालुक्यापर्यंत पोहोचावा, मुदत चार दिवसांची नसावी आणि निर्वाहभत्ता आधीच जाहीर व्हावा. यांतील प्रत्येक अट मी त्या सोमवारच्या नस्तीवरून शिकलो आहे.

मेलबर्नला मी उत्तर पाठवले ते थोडक्यात असे. अर्ज अवश्य कर. आपण कोणकोणत्या परिषदांना गेलो, याची जंत्री पहिल्या पानावर नको. कोणाचे ऐकून आलीस ते लिही. जे लोक आपल्यासारखे नाहीत, त्यांच्याकडे अर्जाआधीच जाऊन ये. मुलाखतीत खर्चाचा प्रश्न संकोच न करता विचार. तो स्वतःसाठी विचारू नकोस, पुढच्या वर्षी अर्ज करू पाहणाऱ्या आणि वडिलांचा आधार नसलेल्या मुलीसाठी विचार. निवड झाली तर देशाची शिस्त पाळ, आणि वाटाघाटींत एक तरी शब्द तिच्यासाठी मागून घे. प्रतिनिधी कुणाची, याचे याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

तिच्या आईला वेगळ्या दोन ओळी लिहिल्या. वर्ष वाया जाईल की नाही हे मी सांगू शकत नाही. परंतु खर्चाचा जो प्रश्न तुम्ही स्वयंपाकघरात विचारलात, तोच तिला न्यूयॉर्कला नेऊन विचारावा लागणार आहे, तेव्हा तिच्याशी त्याविषयी भांडत राहा.

परवा तिचे उत्तर आले. अर्ज भरण्यापूर्वी दोन आठवडे ती व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तरेकडील फळबागांच्या गावी जाऊन आली होती. तेथे हंगामी तोडणीला येणाऱ्या मुलांशी बोलून तिने वहीची चाळीस पाने भरली आहेत. अर्जात त्यातले किती बसवायचे, एवढाच आता तिचा प्रश्न आहे.